लाल आलवण, काळी पाठ: पेठेतल्या वाड्यात टिपलेल्या एका रात्रीचं प्रकरण

पटकथेत हे दृश्य तीन ओळींत संपतं. साल 1911, कोल्हापूर संस्थान, श्रावणातली रात्र. वाड्यात सगळे झोपलेत. आत्याबाई कंदील घेऊन माजघरातून निघते, मागचं दार उघडते, परसात उतरते आणि आडापाशी जाऊन उभी राहते. संवाद एकही नाही. पण सगळ्या लघुपटाचा जीव या तीन ओळींत होता. आत्याबाई या घरात माणूस म्हणून राहतेय की सावली म्हणून, हा प्रश्न प्रेक्षकाला पहिल्यांदा इथेच पडायचा होता.

आत्याबाई सोवळी आहे. केशवपन झालेलं, अंगावर लाल आलवण म्हणजे विधवेचं लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर. शाहू महाराजांनी विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा केला तो 1917 मध्ये, म्हणजे आमच्या गोष्टीनंतर सहा वर्षांनी. गॉथिक गोष्टीला जे लागतं ते इथे आयतंच होतं: जुनं घर, त्यात अडकलेली बाई, कुलूप लावलेली खोली आणि घरातल्या सगळ्यांनी न बोलायचं ठरवलेली एक गोष्ट. वटवाघळं आणि विजांचा कडकडाट यांच्यावाचून आमचं काही अडत नव्हतं.

दिग्दर्शकाला आधी टाउन हॉलची इमारत खुणावत होती. साहजिकच आहे. 1872 ते 1876 या काळात मेजर चार्ल्स मांट यांच्या आराखड्याने उभी राहिलेली ती इमारत निओ-गॉथिक शैलीतली, आणि गॉथिक म्हटलं की कोल्हापुरात बोट तिकडेच जातं. पण आत्याबाई रात्री टाउन हॉलमध्ये कशाला जाईल? तो विषय चहा संपायच्या आत निकालात निघाला आणि शिवाजी पेठेतला एक राहता वाडा ठरला. कॅमेरा माझ्याकडे होता.

भिंत

या प्रकारच्या चित्रपटांबद्दल बोलताना लोक दिव्यांविषयी बोलतात. मेणबत्त्या किती, लेन्स कोणती, कॅमेरा किती संवेदनशील. आमचा अनुभव असा की काळोखाचा निकाल दिव्यापाशी लागत नाही, दिव्यासमोर जे पृष्ठ आहे तिथे लागतो. पृष्ठ किती उजेड परत फेकतं आणि कोणत्या रंगाचा, यावर सगळं.

चाचणीसाठी आम्ही माजघरात खराखुरा रॉकेलचा कंदील आणला आणि आत्याबाईचं काम करणाऱ्या बाईंना चालवलं. मॉनिटरवर चित्र आलं तेव्हा काळोख कुठेच नव्हता. चेहऱ्याची उजेडातली बाजू आणि सावलीतली बाजू यांत जेमतेम एका स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). खोली नुसती पिवळट आणि सपाट. लाइटचं काम बघणारे मामा खांबाला टेकून बघत होते. ते म्हणाले, "सर, कंदील एकच हाय, पर भिंतबी दिवाच झालीया की."

नेमकं तेच झालं होतं. माजघर अरुंद, दोन्हीकडे चुन्याने पांढऱ्याफेक केलेल्या भिंती. असा चुना त्यावर पडलेल्या उजेडातला सुमारे 80 टक्के परत फेकतो. छायाचित्रणात ज्याला मधला करडा म्हणतात तो 18 टक्के परत देतो आणि धुराने काळवंडलेलं सागवान 5 टक्क्यांच्या आसपास. चुना आणि ते सागवान यांत चार स्टॉपचं अंतर पडतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या गॉथिक चित्रपटांतली घरं बघा: गडद लाकडी फळ्यांच्या भिंती, मखमली पडदे, गर्द वॉलपेपर. तिथे एक मेणबत्ती लावली की उजेड चार हातांवर मरतो. आमच्या माजघरात तो एका भिंतीवरून दुसरीवर उड्या मारत आत्याबाईच्या दुसऱ्या गालावर येऊन बसत होता. त्यामुळे परदेशी चित्रपटातली प्रकाशयोजना बघून तशीच्या तशी वाड्यात आणणाऱ्यांचं चित्र फिकं पडतं, त्यात नवल नाही.

कलादिग्दर्शकाचं म्हणणं, भिंतीला काव फासू. मालकीणबाई काकूंनी ते ऐकताच हात जोडले. "गेल्याच वर्षी चुना मारलाय हो. डाग पडला तर मी कुणाला धरू? आणि खिळा तर एकही नको." माझाही कावेला विरोधच होता, पण कारण वेगळं. काव लाल. ती उजेड कमी परत देईल हे खरं, पण जो देईल तो लाल देईल, आणि लाल रंगाचं आम्हाला पुढे काम होतं. तो असा माजघरात उधळून चालणार नव्हतं.

याच वाड्यात एक खोली अशी होती जिथे काहीच करावं लागलं नाही. जुनी चुलीची खोली. कित्येक वर्षांच्या धुराने भिंती, तुळया, पाटया सगळं एकसारखं काळं. तिथे कंदील ठेवला की ठेवला तेवढाच उजेड राहायचा. दिग्दर्शकाने जेवणाचं दृश्य ओसरीवरून उचलून तिथे नेलं. पण आत्याबाईचा रस्ता बदलता येत नव्हता. मागचं दार माजघरातूनच होतं.

मग उपाय एकच: काळं कापड. इचलकरंजी जवळ असल्यामुळे काळ्या मांजरपाटाचा तागा स्वस्तात मिळाला. खिळा न मारता तो उभा करायचा म्हणून बांबूचे चौकटी-सांगाडे केले आणि तुळईला सुतळीने बांधले. कापड भिंतीपुढे, कॅमेऱ्याच्या नजरेच्या जरा बाहेर. सावलीतला गाल लगेच खाली गेला. फरक तीन स्टॉपच्या पुढे.

अडचण अशी की "नजरेच्या जरा बाहेर" म्हणजे नक्की कुठे? रुंद चौकटीत दोन्ही बाजूंच्या भिंती दिसतात, तिथे कापड लावणार कसं? 1961 च्या 'द इनोसन्ट्स'मध्ये छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांना स्टुडिओच्या आग्रहापायी सिनेमास्कोपची लांबलचक चौकट घ्यावी लागली होती. त्यांनी फिल्टरच्या कडा रंगवून चित्राच्या दोन्ही बाजू अंधारात घालवल्या आणि नजर मध्ये आणली. आमच्यावर कुणाचा आग्रह नव्हता. आम्ही सरळ जुनी, जवळजवळ चौरस 4:3 ची चौकट घेतली. बाजूच्या भिंती चौकटीबाहेर गेल्या, कापड अगदी कडेला येऊन उभं राहिलं. आज बघणारे विचारतात, हे जुनं वाटावं म्हणून का? नाही. काकूंच्या भिंतीला खिळा चालत नव्हता म्हणून.

मागची भिंत दिसणारच होती, पण तिची काळजी नव्हती. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. कंदील बाईंच्या तोंडापासून एक मीटरवर आणि मागची भिंत चार मीटरवर असेल तर तिच्यावर सोळावा हिस्सा पडतो, म्हणजे चार स्टॉप कमी. चुना असला तरी तो करड्याच्या खाली जातो. बाई पुढे येत गेल्या की भिंत आपोआप बुडत जाते.

कंदील

सागवानी वाड्यात रॉकेलचा पेटता कंदील घेऊन रात्रभर ये-जा करणं कुणालाच पटत नव्हतं, काकूंना तर नाहीच. शिवाय खऱ्या ज्योतीची एक खोड आहे: ज्योत स्वतः जळून पांढरी होते आणि चेहऱ्यावर पुरेसं काही पोचत नाही. 1975 च्या 'बॅरी लिंडन'मध्ये जॉन अल्कॉट यांनी नुसत्या मेणबत्त्यांवर दृश्यं घेतली ती झाइसच्या एफ 0.7, म्हणजे फार मोठ्या छिद्राच्या लेन्सवर, जी मुळात नासासाठी बनवली होती. त्या छिद्राला फोकसची पट्टी, म्हणजे चित्र जेवढ्या अंतरात स्पष्ट राहतं ती जागा, इतकी बारीक असते की माणसांना जागच्या जागी बसावं लागतं. बसलेल्या माणसांसाठी तो उपाय थोर आहे. आमची आत्याबाई चालत होती. आमच्याकडे टी 1.5 ची (हेही छिद्राचंच माप) 35 मिलिमीटर लेन्स. दोन मीटरवर फोकसची पट्टी सुमारे 30 सेंटिमीटर, आणि तेवढ्यातच फोकस सांभाळणाऱ्या पोराच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तर कंदील खरा, आतली वात खोटी. दोन छोटे एलईडी, दोघांचं फडफडणं मुद्दाम वेगवेगळ्या लयीत. एकाच लयीत फडफडले की डिस्कोचा दिवा वाटतो. वायर मुठीतून पदराखाली, बॅटरी कमरेला. एलईडीचा रंग खऱ्या ज्योतीइतका, म्हणजे 1900 केल्विनपर्यंत (आकडा लहान तितका उजेड पिवळा), खाली नेला नाही. 2400 वर थांबवला. फार पिवळ्या उजेडात कॅमेऱ्याच्या निळ्या भागाला खायलाच मिळत नाही आणि सावल्यांत दाणे उठतात.

आणि काच. कंदिलाची अर्धी काच काजळीने काळी केली, अर्धी स्वच्छ ठेवली. स्वच्छ बाजू बाईंकडे, काळी कॅमेऱ्याकडे. कॅमेऱ्याला ज्योत मंद, मिणमिणती दिसते आणि चेहऱ्यावर मात्र पूर्ण उजेड जातो. ही युक्ती जुनीच आहे, पण करताना मजा येते: मामांनी चिमणीवर काच धरून काजळी धरवली आणि कडेची रेघ बोटाने पुसून मऊ केली. रंग लावला असता तर ती कड सुरीने कापल्यासारखी दिसली असती.

आलवण

आता लाल रंगाचं काम.

मंद उजेडात माणसाच्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी थकतात आणि नुसता उजेड टिपणाऱ्या पेशी काम बघतात. त्यांना हिरवट-निळं नीट दिसतं, लाल जवळजवळ नाही. म्हणून चांदण्यात जास्वंद काळी दिसते. चित्रपटांत चांदणं निळं दाखवायची पद्धत या अनुभवाच्या जवळ जाते, पण अर्धवट. सगळ्यावर निळं ओतलं जातं आणि लाल तसंच जांभळट होऊन शिल्लक राहतं. मला लाल संपवायचं होतं. माजघरात कंदिलासमोर आलवण लाल, आणि उंबरठा ओलांडला की तेच आलवण काळं, एकाच शॉटमध्ये.

कोल्हापूरच्या सिनेमाला ही गोष्ट नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली त्या काळातली कच्ची फिल्म निळ्या-हिरव्यालाच जागायची. लाल तिच्या लेखी काळं. त्या फिल्मवर कपाळाचं कुंकू काळं उमटायचं. (याच पेंटरांनी 1923 च्या 'सिंहगड'मध्ये कृत्रिम दिव्यांवर चित्रण केलं, तेही त्या फिल्मवर. आपण 12,800 आयएसओ, म्हणजे एवढा संवेदनशील कॅमेरा, घेऊन कुरकुरतो.) हल्ली, 2019 च्या 'द लाइटहाउस'साठी, जॅरिन ब्लाश्के यांनी कृष्णधवल फिल्मवर लाल अडवणारा खास फिल्टर वापरून हाच जुना गुण परत आणला. त्यात चेहऱ्यांवरचा प्रत्येक डाग, प्रत्येक सुरकुती वर येते, कारण कातडी लाल जास्त परत देते आणि तेच काढून घेतलं जातं.

आम्ही रंगीत चित्रित करत होतो आणि फिल्टर लावला असता तर कंदीलही मेला असता. म्हणून फिल्टरऐवजी दिव्यातच लाल ठेवलं नाही. चांदण्यासाठी रंग बदलता येणारा एलईडी घेतला, त्यातला लाल भाग पूर्ण बंद, फक्त हिरवा आणि निळा. ज्या उजेडात लाल नाहीच, तो लाल कापडावर पडला तर परत काय येणार?

सिद्धांत सोपा, कापड अवघड. दुकानात जे लाल म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं गुलाबी अंगाचं असतं, म्हणजे ते लालासोबत निळंही परत देतं. असं कापड चांदण्यात काळं होत नाही, जांभळं होतं. महाद्वार रोडवरच्या दुकानांत आमची वेशभूषाकार मोबाइलच्या पडद्यावर गच्च हिरवट-निळा रंग भरून, ओढणीचा आडोसा करून, त्या उजेडात एकेक तागा बघत होती. दुकानदार म्हणाले, "ताई, साडी बघताय का नोट तपासताय?" शेवटी विटकरी अंगाचं, चमक नसलेलं सुती कापड मिळालं. मोबाइलच्या उजेडात ते कोळशासारखं काळं. चमकणारं कापड का नको? चमक ही दिव्याचंच प्रतिबिंब असते, ती कापडाचा रंग जुमानत नाही. काळ्यावर निळ्या रेघा उठल्या असत्या.

उंबरठा

दिग्दर्शकाच्या मनात असं होतं की दार उघडताच वारा येतो, कंदील विझतो आणि आलवण काळं होतं. रिमोटवर एलईडी विझवणं सोपं होतं. करून पाहिलं. चटकन विझवला की जादूचा प्रयोग वाटतो, सावकाश विझवला की कुणाच्या लक्षातच येत नाही. त्याहून मोठी अडचण गोष्टीची: कंदील विझला तर अंधारात ही बाई आडापर्यंत जाईल कशी?

उत्तर चालण्यात निघालं. माजघरात कॅमेरा आत्याबाईच्या समोर, उलट पावली मागे सरकतो. कंदील तिच्या हातात, आलवण लाल भडक. उंबरठ्यापाशी कॅमेरा बाजूला थांबतो, ती त्याला ओलांडून परसात उतरते आणि आपण तिच्या पाठीकडे बघत राहतो. कंदील अजूनही पेटलेला आहे, पण तो तिच्या पुढे आहे, अंगाआड. पाठीवर फक्त चांदणं. लाल आलवण तीन-चार पावलांत काळं होतं, आणि कुठलीही कळ दाबलेली नाही. काजळलेली काच आता पुढच्या बाजूला असल्याने परसातली झाडं आणि कुंपणही उजळत नाहीत. तिच्या खांद्याच्या कडेला फक्त एक नारिंगी रेघ राहते.

हे लिहायला सोपं आहे. जुन्या वाड्याची दारं बुटकी, उंबरठे वीतभर उंच. गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारं यंत्र) घेऊन उलटं चालणाऱ्या आमच्या ऑपरेटरच्या कमरेला मागून एकाने धरलं होतं आणि तो दर वेळी कानात "वाक... उचल पाय" असं म्हणत होता. ध्वनी घेणाऱ्या मुलीने तो आवाज नंतर कसा काढला, तिलाच ठाऊक.

चंद्र कुठे ठेवायचा यावर खरा वाद झाला. मला तो शेजारच्या गच्चीवर, खाली हवा होता. दिग्दर्शक म्हणे, मध्यरात्र आहे, चंद्र डोक्यावर पाहिजे. डोक्यावरचा उजेड दाराच्या आत शिरत नाही, आणि मला उंबरठ्याच्या आतल्या फरशीवर चांदण्याची एक जीभ हवी होती, बाहेर वेगळं काही आहे याची आगाऊ खबर म्हणून. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतात ती सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो म्हणूनच. हे कोल्हापूरकराला सांगितल्यावर पुढे बोलायला जागा राहत नाही. किरणांच्या वाटेत इमारती येतात म्हणून गावात चर्चा होते. आमच्या चंद्राच्या वाटेत शेजाऱ्यांची सिंटेक्सची टाकी आली. ती हलवता येण्यासारखी नव्हती. चंद्र दोन फूट डावीकडे गेला.

कॅमेरा 12,800 आयएसओवर होता. त्या संवेदनशीलतेला टी 1.5 वर साधारण दोन लक्स (पृष्ठावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेडात करडा रंग नीट उमटतो. पौर्णिमेचं स्वच्छ चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं, म्हणजे आमचा नकली चंद्र खऱ्याहून फार मोठा नव्हता. त्याचा तोटा असा की परका उजेडही चंद्र होऊन बसतो. गल्लीतला पथदिवा, समोरच्या घरातला टीव्ही, कुणाच्या तरी मोबाइलची स्क्रीन. मामांनी गल्लीत फिरून घरोघर सांगितलं, "मावशी, घटकाभर लाइट बंद करा, शूटिंग हाय." मावश्या लाइट बंद करून दारात येऊन उभ्या राहिल्या आणि हातातले मोबाइल सुरू केले.

पाऊस? तो हवाच होता सगळ्यांना, गॉथिक म्हणजे पाऊस असं एक डोक्यात असतं. पण पडता पाऊस आणि स्वच्छ चांदणं एकत्र कसं दाखवणार? पाऊस नुकताच थांबलाय असं ठरवून काळ्या फरशीवर बादलीने पाणी मारलं, पन्हळीतून थेंब गळत ठेवले. ओला काळा दगड उजेड पसरवत नाही, आरशासारखा एका दिशेने फेकतो. त्यामुळे परस काळंच राहिलं आणि आडाकडे जाणारी वाट तेवढी चमकली. धूर म्हणून उदाची धुरी फक्त इथे केली. माजघरात केली असती तर काळ्या कापडाने मिळवलेलं सगळं धुरात गेलं असतं.

आडापाशी आत्याबाई वळते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर लाल नसलेलं चांदणं पडतं. गव्हाळ चेहरा एकदम दोन पायऱ्या खाली जातो, डोळ्यांचं पांढरं तेवढं वर येतं, डोळ्यांखालची वर्तुळं खोल होतात. मेकअप करणाऱ्या ताईंना हे आधी दिव्यात दाखवलं होतं म्हणून त्यांनी वेगळं काही रंगवलं नाही. कंदील तिने आडाच्या कठड्यावर ठेवावा असं ठरलं, तिच्या छातीच्या उंचीला, बाजूने. हनुवटीखालून ठेवला असता तर शाळेच्या गॅदरिंगमधलं भूत झालं असतं.

पडदा

रंगकामात आम्ही फार हात लावला नाही. मोह होता: काळं आणखी काळं, निळं आणखी निळं. पण चांदण्याचा निळेपणा उलट कमी केला, जवळजवळ राखाडीपर्यंत आणला. लाल आधीच गेलेलं होतं. निळ्याने ते सिद्ध करायची गरज नव्हती.

खरी कसोटी दाखवताना लागली. चित्रपटगृहाचा पडदा 48 निट्सला (पडद्याच्या उजळपणाचं माप) लावायचा असतो आणि बाकी खोली काळी असते, असं धरून आम्ही सावल्या बसवल्या होत्या. पहिल्यांदा दाखवलं त्या सभागृहात प्रोजेक्टर थकलेला, बाहेर जायच्या दारावरचा हिरवा दिवा थेट पडद्यावर. माजघर राखाडी झालं, मागची भिंत परत दिसू लागली. तरी उंबरठ्याच्या शॉटला मागच्या रांगेतून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

ऑनलाइनसाठी वेगळी प्रत केली. बसमध्ये, उन्हात, फोनवर बघणाऱ्याला आमचा काळोख म्हणजे बंद पडदाच वाटणार, म्हणून सावल्या सुमारे अर्ध्या स्टॉपने उचलल्या. त्या प्रतीत काळ्या मांजरपाटाची निम्मी मेहनत वाया जाते, हे दिसतं. आलवण मात्र तिथेही लालाचं काळं होतं, कारण तो फरक उजेडाच्या प्रमाणावर उभा नाही, त्यात कोणता रंग नाही यावर उभा आहे. पुढच्या कामात मी दिव्यांच्या यादीआधी कापडाचे आणि भिंतीचे नमुने मागितले. निर्मात्यांना ते विचित्र वाटलं, पण नमुने आले; त्यातले दोन हिरवे आम्ही परत पाठवले.